सहीचे मोल

कचेरीत एखादा कागद पुढे सरकवीत कुणी म्हणतो, “साहेबांनी पाहिले आहे, तुम्ही फक्त कोंबडा मारा.” नोकरी करणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. त्या क्षणी हातातले पेन जड होते. माणूस सचोटीचा असेल तर सही करणार नाही, असे म्हणून आपण विषय संपवितो. परंतु विषय तेथे संपत नाही.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत ॲलन मॅकडोनल्ड या अभियंत्याकडे अशीच एक सही मागण्यात आली. ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होते. त्याच्या रॉकेटांचे भाग जेथे जोडले जात, तेथे तप्त वायूची गळती रोखण्यासाठी रबरी कडी बसविलेली होती. थंडीत रबर ताठर होते, आणि त्या रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणार होता. रॉकेटे बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत उड्डाणास विरोध केला. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. मग कंपनीचे चार वरिष्ठ आपसांत बोलले. त्यांतील एकाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखास अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी चढविण्यास सांगितले, आणि कंपनीचा सल्ला बदलला. मॅकडोनल्ड यांनी सही नाकारली. त्यांच्या वरिष्ठाने ती केली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर प्राणास मुकले.

येथे सचोटीच्या माणसांची वाण नव्हती. वाण होती ती त्यांच्या नकाराला वजन देणाऱ्यांची. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित असल्याचा पुरावा अभियंत्यांकडे मागितला गेला. शंका घेणाऱ्याच्याच डोक्यावर पुराव्याचे ओझे ठेवले, की शंका हरणारच. आणि एकाने नाकारलेली सही दुसऱ्याकडून सहज मिळत असेल, तर त्या नकाराने काम थांबत नाही.

मग तो नकार व्यर्थ गेला काय? तसे म्हणवत नाही. चौकशी आयोगापुढे मॅकडोनल्ड घडले ते निर्भयपणे सांगू शकले, कारण लपविण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. त्यापायी कंपनीने त्यांना खालच्या कामावर ढकलले. अमेरिकन संसदेतून दबाव आला, तेव्हा त्यांना पुन्हा अधिकार मिळाला आणि त्याच सदोष सांध्यांच्या फेररचनेचे काम त्यांच्या हाती आले.

परंतु प्रत्येक कारकुनाच्या वा पर्यवेक्षकाच्या पाठीशी संसद उभी राहत नाही. घराचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण ज्याच्या शिरावर आहे, त्याच्याकडून रोज हौतात्म्याची अपेक्षा करणे हाही अन्यायच होय. सचोटीने वागणे साध्या माणसाला परवडेल, अशी कचेरी घडविणे हे वरच्या खुर्चीचे कर्तव्य आहे. त्यासाठी अडचणीची वार्ता आणणाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे, त्याचा विरोध कागदावर नोंदवावा आणि बढतीच्या वेळी तो त्याला भोवू देऊ नये.

भिंतीवर सुविचार लावणे सोपे असते. अधिकारावर असलेल्याने त्याऐवजी संध्याकाळी स्वतःलाच विचारावे : हाताखालच्या माणसाने मला ‘नाही’ म्हटले, त्याला किती दिवस झाले? आणि पुढे त्या माणसाचे काय झाले?