झाकल्यावर जे दिसते

पाचोडच्या मोसंबीच्या बागेत भर उन्हात झाडाच्या शेंड्याकडे बघायचे असेल, तर माणूस नकळत कपाळाशी तळहात आडवा धरतो. सूर्य झाकला की पानांआडचे फळ दिसू लागते. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे छायाचित्र घेण्याची विद्या याच कृतीतून वाढत गेली. ग्रह मंद असतात, ही त्यातली खरी अडचण नाही. त्यांच्याहून कितीतरी मंद दीर्घिका दुर्बिणींनी टिपल्या आहेत. ग्रह आपल्या ताऱ्याला इतका खेटून असतो की त्याच्या झगमगाटात तो हरवतो. आपल्या सूर्यमालेकडे कुणी दुरून पाहिले, तर दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या सुमारे दहा अब्जपट तेजस्वी दिसेल.

हे झाकण्याचे काम आधी चंद्राने करून दाखवले. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी करमाळ्याजवळच्या जेऊरला वेधकऱ्यांचे तळ पडले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडी तिथे होती, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही होते. सूर्यबिंब झाकले जाईल तेवढी जेमतेम दोन मिनिटे त्याचे प्रभामंडल टिपता येणार होते. पुढे नायगमवाला निवृत्त झाले आणि 1912 मध्ये ती वेधशाळाच बंद करून यंत्रे कोडाईकनालला पाठवली गेली. पुण्याच्या या वेधशाळेची 20 इंची दुर्बीण त्या काळात देशात सर्वांत मोठी होती. एका माणसाबरोबर संस्थाही संपली, याचे वाईट वाटते. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन व्हायला 1988 उजाडले.

चंद्राची वाट कशाला पाहायची, असा विचार फ्रान्सच्या बर्नार ल्यो यांनी केला. 1930 च्या सुमारास त्यांनी दुर्बिणीच्या आतच एक छोटी चकती बसवून कृत्रिम ग्रहण घडवले. हाच करोनाग्राफ. मग सूर्यासाठी केलेली युक्ती ताऱ्यांसाठी का नको? पण वातावरण आडवे येत होते. हवेच्या थरथरीने ताऱ्याचा प्रकाश चकतीच्या कडेबाहेर सांडतो. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी 1946 मध्येच दुर्बीण वातावरणाबाहेर नेण्याची कल्पना मांडली होती.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांच्याशी जोडलेला आहे. ते अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत होते. ऑक्टोबर 1994 मध्ये त्यांच्या गटाने पालोमार वेधशाळेच्या 60 इंची दुर्बिणीला करोनाग्राफ लावून ग्लिसे 229 हा तारा झाकला, आणि शेजारी एक मंद ठिपका दिसला. तारा आपल्यापासून सुमारे 19 प्रकाशवर्षे दूर. ठिपका त्याचाच सोबती, की मागचा एखादा भलताच तारा? गटाने घाई केली नाही. तारा आकाशात हळूहळू सरकतो. ठिपकाही त्याच्याबरोबर सरकतो का, हे बघायला ते वर्षभर थांबले. तो सरकला. त्याच्या वर्णपटात मिथेन सापडला, जो ताऱ्याच्या उष्णतेत टिकत नाही पण गुरूवर आहे. नोव्हेंबर 1995 मध्ये हबल अवकाश दुर्बिणीनेही तो टिपला. तो ग्रह नव्हता. तारा आणि ग्रह यांच्या मधला तपकिरी बटू होता. अशा वस्तू असाव्यात हे शिव कुमार यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच गणिताने सांगितले होते.

पुढे त्याचे वस्तुमान मोजले, तर ते गुरूच्या सुमारे 70 पट भरले. एवढ्या वस्तुमानाला तो फारच मंद होता. उत्तर मिळायला 2024 साल यावे लागले: ते दोन बटू आहेत आणि बारा दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी घालतात. तीस वर्षे आपण दोघांना एक समजत होतो.

हबलच्या बाबतीतही असेच झाले. 2008 मध्ये फोमलहॉट ताऱ्याजवळचा ठिपका ग्रह म्हणून जाहीर झाला. पुढे तो पसरत विरून गेला आणि 2020 च्या अभ्यासाने तो टकरीतून उठलेला धुळीचा ढग ठरवला. मला यात विज्ञानाची नामुष्की दिसत नाही. पुन्हा पुन्हा पाहिले म्हणून तर हे कळले.

वेब अवकाश दुर्बिणीने अवरक्त प्रकाशाची वाट धरली, कारण त्या प्रकाशात ग्रह स्वतःच्या उष्णतेने उजळतो आणि ताऱ्याशी त्याची तफावत कमी होते. 2022 मध्ये तिने टिपलेला पहिला परग्रह तरुण आणि तप्त होता. 2024 मध्ये मात्र जेमतेम 12 प्रकाशवर्षांवरच्या एप्सिलॉन इंडी ताऱ्याचा थंड, वयस्क, गुरूसारखा ग्रह तिने टिपला. पृथ्वीसारखा ग्रह अजून कुणाच्याही छायाचित्रात आलेला नाही.

म्हणून एक विनंती आहे. निळे समुद्र आणि गुलाबी ढग असलेले परग्रह वर्तमानपत्रांत छापून येतात, ती चित्रकाराने काढलेली चित्रे असतात. खरे छायाचित्र म्हणजे झाकलेला तारा आणि त्याच्या बाजूचा एक ठिपका. शिक्षकांनी मुलांना तो ठिपका आवर्जून दाखवावा, आणि संपादकांनी कल्पनाचित्राखाली ‘कल्पनाचित्र’ असे स्पष्ट छापावे.