कानाला सवय होत नसते

कॉलेजात असताना एका शिबिरात मी पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल चालवली. कानात घालायला काही आहे का, असं विचारलं तर शिकवणारे हसले. "चार दिवसांत कान तयार होतात," म्हणाले. पाच गोळ्या झाडून उठलो तेव्हा कानांना दडे बसले होते आणि डाव्या कानात रात्रभर शिट्टी वाजत होती. सकाळी ती थांबली. मलाही वाटलं, झाले कान तयार.

कान तयार होत नाहीत. आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत, आवाज टिपणाऱ्या जेमतेम पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आपण सवय म्हणतो ते बहिरेपणाचं पहिलं पाऊल असतं. कारखान्यातल्या गोंगाटाला कान बिघडवायला वर्षं लागतात, बंदुकीला एक बारही पुरू शकतो. १४० डेसिबल ही अशा क्षणिक आवाजाची धोक्याची रेषा. पॉइंट टू-टूचा आवाज तिच्या आसपास जातो, मोठ्या रायफली-पिस्तुलांचा १५०च्या पुढे. बंद रेंजमध्ये तोच आवाज भिंतींवरून उलटून पुन्हा कानावर येतो. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान बंदुकीच्या नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला, म्हणून डावा आधी जातो. आणि आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज: स, श, फ. बोलणं ऐकू येतं, शब्द लागत नाहीत. घरचे म्हणतात, याचं लक्षच नसतं.

२०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या कोल्हापूरचंच हे आणखी एक नाव. ते ऐकून एखादं मूल रेंजवर आलं तर मला आनंदच आहे. पण रायफल-जॅकेटसाठी लाखांत खर्च करणारं घर काही रुपयांच्या फोमच्या बोळ्यांवर अडतं, हे मला सहन होत नाही.

कापसाचे बोळे निरुपयोगी आहेत, ते आधी फेकून द्या. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. अर्धा बाहेर दिसत असेल तर तो बसलेलाच नाही. रायफलवाल्याने इअरमफ घेताना गाल दस्त्याला टेकवून बघावा. जाड कप दस्त्याला लागून उचलला जातो, चष्म्याची काडीही फट पाडते, आणि फटीतून आवाज शिरतोच. मोठ्या हत्याराला बोळे आणि मफ दोन्ही हवेत. बोलणं ऐकू देणारे इलेक्ट्रॉनिक मफ प्रशिक्षकांना फार सोयीचे, पण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेत नेमबाजाला ते चालत नाहीत.

नळी बाजूला वळवणाऱ्याला आपण रेंजवरून तत्काळ उठवतो. उघड्या कानाला हीच शिस्त का नाही? चाळिशीत आपण काय गमावणार, हे बारा वर्षांच्या मुलाला कळत नाही. ते कळणं हे रायफल हाती देणाऱ्याचं काम आहे. उघड्या कानांनी मुलाच्या धीटपणाची परीक्षा घेणं हा अपराध आहे.

पालकांनो, पुढच्या वेळी रेंजवर जाल तेव्हा टार्गेटआधी मुलाचे कान बघा. मागे बाकावर बसलेल्या धाकटीचेही बघा. उघडे दिसले, तर फायरिंग थांबवायला सांगा.