धाकटीचे नाव

थोरलीचे नाव मेव्ह. आई आयरिश, बाप आमच्या जोयड्याचा, बिऱ्हाड डब्लिनला. नातीचे हे नाव आजीच्या जिभेवर प्रथम बसेना. मग तिने आपणच त्याचे ‘मेवा’ करून टाकले आणि तो प्रश्न मिटला. (जोयड्याला ती अद्याप सुपेंच म्हणते, जुने सुपे काळी नदीच्या धरणात बुडाले, तिच्या तोंडचे बुडाले नाही.) आता दुसरी नात झाली आहे. थोरलीच्या नावाला साजेल असे नाव धाकटीला हवे, म्हणून माझ्याकडे पृच्छा आली. वकिलाकडे लोक वाटणीचे कागद घेऊन येतात. नाव मागावयास क्वचितच कोणी येतो.

कायद्याला या बाबतीत घाई नाही. आपल्याकडील 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार नावावाचूनही जन्माची नोंद होते व नाव मागाहून भरता येते. घाई असते ती माणसांना. सुनेचा ओढा ‘नीव्ह’ या नावाकडे. अर्थ तेज, आणि कानाला थोरलीच्या नावाचे यमकच. आजीला ‘माधवी’ हवे.

मेव्ह ही आयरिश पुराणकथांतील कोनाख्त प्रांताची राणी. तिच्या नावाचा मूळ अर्थ मद चढविणारी, आणि बहुतेक भाषापंडित ज्या कुळात ते नाव घालतात त्याच कुळातला आपला ‘मधु’. म्हणजे मराठीतला मध आणि कोंकणीतला म्होंव हे त्या राणीचे दूरचे आप्त ठरतात. हे वाचले तेव्हा ऐन वेळी दस्तऐवज हाती लागावा तसा मला आनंद झाला. मेव्ह आणि माधवी! कानाला वेगळी, मुळाशी एक. सख्ख्या बहिणींनी दुसरे काय असावे?

परंतु सुनेने फोनवर जे म्हटले त्याने मी निरुत्तर झालो. एकीला आमच्याकडचे नाव व दुसरीला तुमच्याकडचे, ही मुलींची वाटणीच नव्हे काय? उद्या थोरली ती आयरिश आणि धाकटी ती हिंदी, असे लोक धरून चालतील. मग मुलीही धरून चालतील. मालवण तालुक्यातील वराड हे मूळ गाव असलेल्या डॉक्टर पित्याचा व आयरिश मातेचा पुत्र लिओ वराडकर 2017 साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला. तेथे नाव लॅटिन आणि आडनाव कोंकणातल्या गावाचे, एकाच माणसात दोन्ही नांदली. दोघींत वाटून देण्याची गोष्ट निराळी.

भावंडांची नावे जुळविण्याची हौस आपल्याला नवी नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही नावे ओळीने वाचली तर साधनेचा मार्गच उभा राहतो. तरी ताटीच्या अभंगांची मुक्ता त्या ओळीतील शेवटचा शब्द म्हणून कोणाच्या स्मरणात नाही. थोरल्या भावाला दार उघडावयास लावणारी ती स्वतंत्र व्यक्ती आहे. या हौसेची दुसरी बाजूही आपल्याच घरांत आहे. 2011 साली सातारा जिल्ह्यात सुमारे 280 ‘नकुशा’ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नकुशी हे नावही आधीच्या बहिणींकडे पाहूनच ठेवलेले असते. तेथे मूल हे मूल नसून मोजणीतला आकडा असतो. यमकाचे नाव आणि नकोसेपणाचे नाव यांत अंतर फार मोठे आहे, हे मान्य. पण दोन्हीत पाहणाऱ्याची नजर पाळण्यात नसते, शेजारच्या मुलीवर असते. मार्गारेट नोबल या आयरिश स्त्रीने 1898 साली ‘निवेदिता’ हे नाव स्वीकारले तेव्हा ती तीस वर्षांची होती, नाकारण्यास समर्थ होती. पाळण्यातल्या मुलीला ही सोय नाही.

मी माझा कौल माधवीला कळविला, तोही एका अटीवर: थोरलीच्या मेव्हलाही घरात मेवा म्हणून तितकाच मान राहावा, आणि धाकटीला तिकडच्या आजीने वाटेल तशी हाक मारावी. वाटणीचा आक्षेप याने सर्वस्वी सुटतो असे मी म्हणत नाही.

परवा आजीला मधुशब्दाची ही सारी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “थोरली तिका कितें म्हण उलो मारता?”

हे कोणी विचारलेच नव्हते. फोन लावला. चार वर्षांची मेव्ह बहिणीला अजून नुसते ‘बेबी’ म्हणत होती.