अमृततुल्य आणि औषधतुल्य

पुण्यात चहाच्या दुकानावर ‘अमृततुल्य’ अशी पाटी असते आणि ती कोणी पुणेकर शब्दशः घेत नाही. घरात कॅन्सरचा पेशंट असला की मात्र चहाच्या डब्यावरचं अक्षरन्‌अक्षर आपल्याला खरं वाटू लागतं. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी आणतो: गव्हांकुराचा रस, गुळवेल, आताशा ग्रीन टी. एखादी आजी ‘हिरवा चहा’ ऐकून मंडईतून गवती चहाची जुडी आणते. सांगणं एकच, “केमो चालू दे, पण हेही घे. नैसर्गिकच आहे, अपाय तर नाही!”

अडखळायला हवं ते इथे. अमृततुल्यातला चहा आणि ग्रीन टी एकाच झुडपाचे. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा भाजतात, म्हणून त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य टिकतं. प्रयोगशाळेतल्या बशीत ते कॅन्सरच्या पेशींना रोखतं. माणसांचं काय? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १४२ अभ्यास होते, ११ लाखांवर माणसं होती. तरी ग्रीन टीने कॅन्सर टळतो, असं ठामपणे म्हणता आलं नाही.

२००९ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात आलेलं संशोधन तर डोळे उघडणारं आहे. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बोर्टेझोमिब या औषधाला ईजीसीजीची जोड दिली तर गुण वाढेल, अशी अपेक्षा होती. पेशींत आणि उंदरांत झालं उलटंच: ईजीसीजी औषधातल्या बोरॉनला चिकटलं आणि औषधच निकामी झालं. शिवाय ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये बजावलं.

याचा अर्थ झाडपाला निरुपयोगी, असा नाही. आपल्या कुंडीतल्या सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टिन मिळालं, ल्युकेमियाच्या मुलांना ते आजही देतात. पण शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून. सदाफुलीचा काढा कोणी देत नाही. ज्यात गुण करण्याची ताकद आहे, त्यात अवगुण करण्याचीही असणारच. ‘गुणकारी’ आणि ‘निरुपद्रवी’ ही दोन्ही विशेषणं एकाच डब्यावर चिकटवता येत नाहीत.

आणणाऱ्याची माया खोटी नसते. पेशंट असं काही घेतो, हे ऐकून डॉक्टरांनीही रागावू नये. आणि आपण? पुढच्या तपासणीला गोळ्यांबरोबर तो डबाही न्यावा आणि टेबलावर ठेवून विचारावं, “हे चालेल का?”