मुलाच्या सहा दिशा



तथागत राजगृहाच्या वेळुवनात राहत असता एके दिवशी सकाळी भिक्षेसाठी निघाले. वाटेत त्यांना सिगाल नावाचा एक तरुण दिसला. ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी, हात जोडून तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करीत होता. हे कशासाठी, असे तथागतांनी विचारले. वडिलांनी मरताना तसे सांगितले होते, एवढेच कारण त्याच्यापाशी होते.

तथागतांनी त्याला झिडकारले नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलून टाकला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारे कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण. दिशेला हात जोडून काही साधत नाही. ज्या माणसांनी आपण वेढलेलो आहोत, त्यांच्याशी नीट वागावे, म्हणजे दिशा सुरक्षित होते.

हा उपदेश मोठ्या माणसाला केलेला आहे. पण आज तो आपण आपल्या मुलांच्या बाजूने पाहू. कारण धम्मदीक्षा घेतलेल्या घरातही अजून कानावर येते, "पोराच्या नशिबातच विद्या नाही." बाहेरचे म्हणतात, "खाण तशी माती." हे दोन्ही बोल एकाच झाडाची फळे आहेत. एकात दोष गतजन्मावर टाकला, दुसऱ्यात रक्तावर. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. जे घडते ते कारणांनी घडते, आणि कारण पालटले की फळ पालटते. मग मूल मागे का पडले, याची कारणे त्याच्या कपाळावर शोधायची की त्याच्या भोवती?

यूरी ब्रॉन्फेनब्रेनर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत होऊन गेले. त्यांचा जन्म १९१७ साली मॉस्कोत झाला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मांडले, की मुलाभोवतीची परिस्थिती ही एकात एक बसणाऱ्या बाहुल्यांसारखी असते. आपण म्हणू, घराभोवती अंगण, अंगणाभोवती वस्ती, वस्तीभोवती गाव. सर्वांत आत घर, शाळा, सवंगडी. त्यानंतर या सर्वांचे एकमेकांशी असलेले संबंध. त्याबाहेर अशा जागा, जेथे मूल कधी पाऊल टाकीत नाही, पण तेथला निर्णय त्याच्या ताटापर्यंत पोचतो. सर्वांत बाहेर समाजाच्या रूढी आणि कायदे. पुढे त्यांनी काळाचाही त्यात समावेश केला.

हे दूरचे वाटत असेल, तर परमपूज्य बाबासाहेबांचे बालपण डोळ्यांपुढे आणा.

प्रथम घर. मुंबईच्या परळ भागात चाळीतल्या एका खोलीत बिऱ्हाड होते. रामजी सुभेदार स्वतः जागत बसत आणि रात्री दोनला भीमाला अभ्यासासाठी उठवीत. लेकींचे दागिने गहाण पडले, पण पुस्तके घरात आली.

दुसरी शाळा. साताऱ्याच्या शाळेत भीमाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. शिपाई असेल तरच पाणी मिळे, तो नसेल तर तहान मारावी लागे. तरी त्याच साताऱ्यात एक मास्तर आपल्या डब्यातली भाकरी-भाजी त्यांना देत. बाबासाहेबांनी ती आठवण पुढे कृतज्ञतेने सांगितली आहे.

तिसरे, दुवे. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी या मुलाला बागेत वाचताना पाहिले आणि ओळख वाढवली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले. पुढे त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. चाळीतली खोली आणि बडोद्याचा राजवाडा यांत एका माणसाने पूल बांधला.

चौथे, न पाहिलेल्या जागा. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याचा नियम होता. म्हणून सैनिकाच्या घरात जन्मलेले रामजी शिकले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. छावणीतला तो नियम पुढच्या पिढीत चाळीतल्या दिव्याखाली उजेडात आला.

आणि सर्वांत बाहेर अस्पृश्यतेची रूढी. वर्गातले ते गोणपाट रूढीने अंथरले होते. वर्गातला एखादा मुलगा स्वभावाने वाईट होता, एवढ्याने ते तेथे आले नव्हते.

बंधुभगिनींनो, यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही, की आतले घर भक्कम असेल तर बाहेरचा घाव मूल सोसते. दुसरी ही, की म्हणून बाहेरचा घाव माफ होत नाही. सोसणारा एक भीमराव निघाला. त्या गोणपाटावरून उठून घरी गेलेली, पुन्हा न आलेली किती मुले होती, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. बाबासाहेबांनी हे जाणले, म्हणून ते स्वतः शिकून थांबले नाहीत. त्यांनी बाहेरचे कवचच फोडले. १९५० च्या संविधानातील सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५६ साली नागपूरला दीक्षा देऊन त्यांनी मनावरची रूढी उतरवली.

आता उरलेली कवचे कोणी पाहायची? आपणच.

पूर्व दिशा पाहा. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, पण संध्याकाळी बाप पिऊन येत असेल, तर मुलासाठी दीक्षा झालेलीच नाही. पंचशीलातले पाचवे शील मुलाच्या पाटीशी जोडलेले आहे. मुलाला दूध आणि मुलीला धुणे, अशी वाटणी असेल, तर समता दारातच अडली.

दक्षिण दिशा पाहा. शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे, हे तथागतांनी आचार्याचे कर्तव्य सांगितले आहे. ते होते की नाही, हे पाहायला आईबापांनी शाळेत गेले पाहिजे. मुलाचा अपमान झाला, तर त्याला एकट्याने तोंड देऊ देऊ नका. पाच घरे मिळून जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. ती खुर्ची रिकामी सोडू नका. जेथे बाबासाहेबांना गोणपाट मिळाले, तेथे तुम्हाला खुर्ची आहे.

उत्तर दिशा पाहा. विहार वंदनेपुरते उघडू नका. संध्याकाळी दोन तास तेथे दिवा, सतरंजी आणि शिकलेला एक तरुण असू द्या. वस्तीतल्या दहा मुलांना सोबत मिळेल. तोच तरुण उद्या कोणाचा केळूसकर गुरुजी होईल.

आणि मूल म्हणजे मातीचा गोळा, असेही समजू नका. तेही घराला घडवते. शाळेतून आलेल्या लेकीने प्रश्न विचारला, की आई, आपण हा उपास का करतो, तर तिला गप्प करू नका. सिगालाने वडिलांचा शब्द पाळला, हे चांगलेच. पण अर्थ समजला तो विचारणारा भेटला तेव्हा. आपल्या घरातला विचारणारा कदाचित ती लेकच असेल.

नमो बुद्धाय. जय भीम.