मालक दिसत नाही, म्हणून तो नाही काय?



पावसात भिजत जेवणाची पिशवी घेऊन जो मुलगा तुमच्या दारी येतो, त्याला एकदा विचारा, "बाळ, तुझा मालक कोण?" तो तुम्हांस मोबाईल दाखवील. आपल्या वस्तीतील किती मुले आज याच कामावर आहेत, हे तुम्हीच मोजून पाहा.

कंपनी म्हणते, तो आमचा नोकर नव्हे, भागीदार होय. मनास येईल तेव्हा काम करील. शब्द मोठा गोड आहे! पण हा कसला भागीदार? दर ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही. एके दिवशी आयडी बंद झाली की भांडावे कोणाशी, हेही त्याला कळत नाही. ज्याला 'नाही' म्हणण्याची किंमत उपाशी राहून द्यावी लागते, त्याला स्वतंत्र म्हणावे काय? शिक्षण सांभाळून चार तास काम करणाऱ्यास ही मोकळीक हवी असते, हे मी नाकारीत नाही. पण बारा तास गाडीवर असणाऱ्याचे काय?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुटी द्यावी. ही कर्तव्ये नात्यातून येतात. म्हणूनच कंपनी नातेच नाकारते. नाते नाही, तर कर्तव्य कसले?

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांचे नाव केंद्रीय कायद्यात आणले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, असे तीत आहे. चांगलेच झाले. परंतु व्याख्या करताना त्यांना पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरच ठेवले. निधी मिळेल, पण किमान वेतन कोणाकडे मागावे?

मालक एक नाही, रोज बदलतो, ही सबब आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. बाजारातील हमालाला तरी एक मालक कोठे होता? आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्याचे. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ नेमले, मजुरीवर लेव्ही बसविली, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२१ साली उबरचे चालक हे कामगारच आहेत, असा निर्णय दिला. करारात काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात ताबा कोणाचा आहे, हे त्याने पाहिले.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप केला, तो कामगाराचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध. त्या गिरणी कामगाराला निदान गिरणीचे फाटक माहीत होते. आजच्या मुलाने कोणत्या फाटकापुढे उभे राहावे?

आणि वाचकहो, जेवण दहा मिनिटे उशिरा आले म्हणून एकच तारा देणारे बोट कोणाचे असते? तेवढ्यापुरते मालक आपणच नाही काय?

कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्याप्रमाणे लेखी कारण व १४ दिवसांची पूर्वसूचना दिल्याखेरीज कामगाराला काढता येत नाही. तुमच्या घरातील मुलाची आयडी उद्या बंद झाली, तर त्याला कारण कोण सांगणार, हे आज रात्री जेवताना त्याला विचारा.