पडणारेच तर दात

मुलीच्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी कड दिसली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायला अजून जड जातं. तिला दुखत असेल का, हे नाही आलं. पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे, फोटोत ही हसली तर नातेवाईक काय म्हणतील, हे आलं. आणि त्याच्या पाठोपाठ: रात्री बाटली कोण देत होतं? मी तर नाही!

म्हणजे बायको. मग आई, कारण दुधात साखर घालायची सवय तिची. मग सर्दीचं ते गोड औषध. घरातल्या प्रत्येकाची पाळी आली, माझी सोडून. बायको रात्री बाटली द्यायची हे खरंच. पण का द्यायची? सकाळी ऑफिस आहे म्हणून मी वेगळ्या खोलीत झोपायचो आणि पोर रडलं की भिंतीपलीकडून ओरडायचो, ‘अगं, गप्प कर ना तिला!’ मध्यरात्री तीन वाजता पोराला गप्प करायचा सगळ्यात जलद उपाय कोणता असतो? बाटली तिच्या हातात होती. घाई कुणाची होती?

डॉक्टरांनी समजावलं ते साधं होतं. झोपेत लाळ कमी सुटते. गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताला खात जातं. खालच्या पुढच्या दातांना जीभ आणि लाळ बहुधा वाचवतात. कीड लागायच्या आधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटते. तेव्हाच लक्ष गेलं तर ती थोपवता येते. मी मुलीचा ओठ वर करून कधी पाहिलंच नव्हतं. तिचे फोटो मात्र रोज काढत होतो.

आणि जेवण! घास गालात धरून बसायची. पोळी ढकलून द्यायची, वरणभात तेवढा गिळायची, चावलं तर एकाच बाजूनं. मी घड्याळाकडे बघत ‘गीळ लवकर’ म्हणायचो. नखरे म्हणायचो. एका सकाळी तर ताटासमोरून उठवून कोपऱ्यात उभं केलं. पावणेचार वर्षांच्या पोराला ‘दाढ दुखते’ असं नीट सांगता येत नाही, हे मला माहीत नव्हतं की सोयीचं नव्हतं?

दुधाच्या दाढेचं रूट कॅनॉल करावं लागेल म्हटल्यावर मी हसून विचारलं, ‘पडणारेच तर दात, एवढा खर्च कशाला?’ मागच्या दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांच्या वयापर्यंत राहतात. त्या अवेळी गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दातांची जागा अडते. हे ऐकून मी मान डोलावली. बाहेर येऊन पहिला फोन विम्यात बसतं का हे विचारायला केला. ज्याची रोजची मजुरी बुडते त्यानं हे विचारलं तर ते रास्तच. मी त्याच महिन्यात मोबाइल बदलला होता. रजेच्या अर्जात ‘मुलीला ताप’ असं लिहिलं. ताप कुणाच्याही पोराला येतो, कीड म्हणजे आईबापांची अब्रू.

अशा मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हालांचं मोजमाप करायला अमेरिकेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रश्न 13. नऊ मुलाबद्दल: दुखणं, खाणं, झोप, चिडचिड, हसायचं टाळणं वगैरे. चार घरच्यांबद्दल: अस्वस्थ झालात का, अपराधी वाटलं का, कामावर खाडा पडला का, पैशाची ओढाताण झाली का. उत्तरं आईबापांनीच द्यायची. पोराला कुणी विचारत नाही. शेवटच्या चारांवर मी तासभर बोललो असतो. आधीच्या नऊंचं काय? रात्री किती वेळा उठली? मी झोपलेला होतो. उत्तरांत ‘माहीत नाही’ असाही एक पर्याय आहे, आणि माझं खरं उत्तर बहुतेक ठिकाणी तेच.

त्या अपराधीपणाचाही मला आता संशय येतो. उपचाराच्या आदल्या रात्री मी इतका हळवा झालो की बायकोच मला समजावत बसली. म्हणजे दुखणं मुलीचं, जागरणं बायकोची आणि सांत्वन माझं? अपराधी वाटून घेणं हीसुद्धा मधोमध बसायची एक जागा असावी. बायकोला कसं वाटत होतं, हे मी विचारलं का? नाही. तिनं आपणहून सांगितलंही नाही.

मुलगी आता पोळी खाते. मागच्या दाढेवरची चकचकीत टोपी येईल त्याला आ करून दाखवते, आणि मी अजूनही ‘पुरे, पुरे’ म्हणतो. रात्रीचे दात मी घासायचे असं ठरलंय; वाटाण्याएवढी पेस्ट, ओठ वर करून, हिरडीपर्यंत. बरेचदा होतं. काल मात्र सोफ्यावरूनच विचारलं, ‘झाला का गं तिचा ब्रश?’ आतून बायको म्हणाली, ‘तूच ये की बघायला.’ गेलो. हातातला मोबाइल ठेवून गेलो, असं मात्र म्हणता येणार नाही.